खाडाखोडीवर दोघींची सही

सावली, १२ जून २०२४

रंजीता,

फाडू नको, आधी वाच. पोस्टात उभी राहून रजिस्टर केलं आहे. फोन तू उचलत नाई. शेजारच्या सोमारीच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून देते. कागदाले तसं करता येत नाई म्हनून कागद.

भांडाले लिहून नाई राह्यली. काम आहे, कामापुरतं बोलते.

तुझ्या बाबाचं ते धान लावन्याचं, रोवनीचं चित्र. नाटकाच्या फाटक्या पडद्यावर काढलेलं, एका बाजूनं राजवाड्याचा खांब अजून दिसते ते. तू नववीत होती तवा नागपूरचा एक सायेब येऊन घेऊन गेला होता. ते आता मुंबईच्या एका मोठ्या म्युझियममधी लागलं आहे. 'आधुनिक कला' म्हनतात त्याले. जिंदगीभर मानसानं नाटकाचे महाल अन् जंगलं रंगवली, अन् मुंबईले पोचलं ते हे.

आता त्या लोकाईले चित्राच्या नकला छापाच्या आहेत. पुस्तकात, पोस्टकार्डावर, भिंतीवर लावाच्या मोठ्या कागदावर. त्याच्यासाठी घरच्याईची लेखी परवानगी लागते. तिथी निशा नावाची पोरगी हेच काम पाह्यते. मी तिले फोनवर म्हनलं, बाई, चित्र तर कधीचं इकलं आमी, आता कायची परवानगी? तर ती म्हने, "काकू, चित्र विकलं, पण त्याच्या नकला काढायचा हक्क विकला नव्हता. तो हक्क चित्रकाराचा, आणि ते गेल्यावर साठ वर्षं त्यांच्या वारसांचा." घ्या! म्हैस इकली तरी तिच्या फोटोवर हक्क आपलाच, असा हा कायदा.

वारस म्हंजे तू अन् मी. एकीच्या सहीनं होत नाई, दोघींची लागते. २०७९ सालापर्यंत हा हक्क चालते म्हने. मी तर कधीची जाईन, मंग तू एकटी सही करत बस.

करार सोबत पाठवला आहे. जिथी जिथी तुझी सही लागते तिथी पेन्सिलीनं फुली मारली आहे. एक गोष्ट ध्यानात ठेव. कुठी खाडाखोड केली तर तिच्या बाजूले दोघींची सही पाह्यजे, नाईतर तो कागद चालत नाई. निशानं हे मले तीनदा बजावलं. शेवटच्या पानावर चित्राखाली छापाचा मजकूर लिहाचा आहे. चित्रात कोन कोन आहे हे घरच्याईनं सांगावं असं त्याईचं म्हननं. ते पान मी कोरं ठेवलं.

तुझ्या बाबाच्या तेरवीले तू आली, दोन घास नाई खाल्ले, अन् संध्याकाळच्या गाडीनं कोरपन्याले निघून गेली. पाच वर्षं झाली. सावलीहून कोरपना एका दिवसाचा रस्ता आहे, काई इलायत नाई. जाऊ दे. कामापुरतं बोलते म्हनलं ना.

पन एक सांगते. विक्कीचा एकबी फोटो नाई आपल्याजोळ. काढाचा काढाचा म्हनत राह्यलो, साडेतीन वर्षाचं लेकरू, कोनाले घाई होती. त्याचं तोंड आता फक्त त्या पडद्यावर आहे. ते एक चित्र कुठी जळलं, भिजलं, तर झालं. छापलं तर हजार ठिकानी राहीन. एवढ्यासाठी तरी सही कर.

तुझी माय

सावली, ९ जुलै २०२४

रंजीता,

पोचपावती आली. वरती सही दिव्यानीची. माझी दहा वर्षाची नात एवढं साफ अक्षर काढते हे पाहून बरं वाटलं. पावती मी देवाजोळ ठेवली आहे. पन करार काई आला नाई. सही कराले महिना लागते का व?

इकडं माझ्या डोक्याले ताप झाला आहे. म्युझियमवाले छपाईच्या आधी एक नमुना पाठवतात, त्याले प्रूफ म्हनतात. रंग बरोबर आले का ते आपन पाहाचं, बरोबर असन तर 'मंजूर' लिहाचं. पहिल्या खेपेले पानी हिरवं आलं. मी परत पाठवलं. दुसऱ्या खेपेले निळं. अव बाप्पा, आपल्या त्या तळ्याचं, बोडीचं पानी कधी निळं असते का? रोवनीच्या दिवसात बोडीत धानाच्या बांध्यांचं गढूळ पानी उतरते, चहासारखं. तेबी परत पाठवलं. निशा म्हनली, काकू, मूळ चित्र समोर नसताना तुम्हाले कसं कळते? मी म्हनलं, पोरी, त्या पान्याचा रंग मले झोपेतबी सांगता येईन.

काय काय छापनार त्याची यादीबी आली. कप, झोळ्या, कॅलेंडर, फ्रिजले चिकटवाची टिकली. अन् कोडं. चित्राचे दोनशे तुकडे करून डब्यात भरतात अन् लेकरं जोडत बसतात म्हने. मी म्हनलं, त्या पोराचे तुकडे होनार नाई. कपबी नाई. उकळत्या चहाचा कप होय तो, त्याच्यावर माझं लेकरू कायले? निशानं तिकडं कागद चाळले. मंग म्हनली, "काकू, तो तुमचा मुलगा आहे हे आमच्या कुठल्याच कागदात नाही."

त्याईच्या कागदात असं लिहिलं आहे की चित्रात एक वाकलेली बाई आहे, तिच्या मांगं पानी आहे, अन् पान्याच्या काठावर एक लेकरू हात वर करून पावसाले बोलावून राह्यलं आहे. पावसाले! शिकले सवरलेले लोक. मी 'बरं' म्हनून फोन ठेवला.

हात वर काऊन काढला हे मी तुझ्या बाबाले कधी इचारलं नाई. एका घरात एकवीस वर्षं राह्यलो त्याच्यानंतर, नाई इचारलं.

प्रूफ मी समोरच्या भिंतीले टाचून ठेवलं आहे, येता जाता रंग पाहाले. तवापासून एक होऊन राह्यलं आहे. सांगू का नको समजत नाई. दुपारी, दीड-दोन वाजता, गल्ली सामसूम असते तवा, परसातून आवाज येते. "माय." एकदाच. पह्यल्यांदा वाटलं सोमारीची बकरी. सोमारीनं बकरी कधीच इकली. मंग वाटलं शेजारच्याचा टीव्ही. मी काई उठत नाई. हातातलं काम टाकून कोन उठन, अन् कोनासाठी? तांदूळ निवडत असते तर निवडत राह्यते. दुसऱ्यांदा येत नाई तो आवाज.

तू करार पाठव.

तुझी माय

सावली, ३० जुलै २०२४

रंजीता,

दुसरी पोचपावती आली, तुझ्या सहीची. म्हंजे वाचते तू. वाचून चूप बसते. माझ्यावरच गेली.

इकडं रोवनी जोरात आहे. बांध्या भरल्या, पोरी-बाया सकाळपासून चिखलात. मी आता जात नाई, कंबर राह्यली नाई. पन धुऱ्यावरून जाताना उभी राहून पाह्यते. आता गानी कोनी म्हनत नाई, मोबाईल लावून ठेवतात.

परवा ती निशा स्वतः आली. नागपूरवरून गाडी करून. साधी पोरगी आहे, पायातले बूट बाहेर काढून आत आली, पाटावर बसली. सोमारी तवा माझ्या घरीच होती. सोमारी तुले आठवते ना? माझ्या बाजूची पात नेहमी तिचीच राहे. पात म्हंजे काय ते तुले सांगाची गरज नाई, पन दिव्यानी वाचन तर तिच्यासाठी सांगते. एका बाईनं रोवत न्याचा पट्टा. वाकून रोवत जाचं अन् मांगं मांगं सरकाचं. तोंड लावलेल्या धानाकडं, पाठ जिथी जाचं आहे तिथी.

निशानं एक मोठा कागद काढला. काळा-पांढरा. मी म्हनलं, हे काय, रंगच नाईत याच्यात. ती म्हने, "काकू, आमच्याकडे एक कॅमेरा आहे, तो वरच्या रंगाच्या आतलं पाहतो. हे पाहा. वरच्या हिरव्या रंगाच्या खाली आणखी दोघं आहेत."

अन् बोट ठेवलं.

मले विचारलं, कोन आहेत हे? मी म्हनलं, काई नाई, नाटकाचा जुना पडदा होता तो, आधीचं काई असन. ती मान हलवून म्हने, पडद्याचा रंग वेगळा, हा वेगळा. मी म्हनलं, मंग चुकलं असन म्हनून मिटवलं. तर म्हने, "चुकलं असतं तर खरडून काढलं असतं, काकू. किंवा जाड रंग दिला असता. त्यांनी इतका पातळ दिला आहे की जणू कुणीतरी कधीतरी पाहावं."

त्याईले हे आतलं चित्रबी छापाचं आहे, वरच्या चित्राच्या बाजूले. त्याच्यासाठीबी आपल्या दोघींची परवानगी लागते. मी नाई म्हनून सांगतलं. जोरात सांगतलं, पोरगी घाबरली बिचारी. मंग मीच तिले पोहे करून दिले.

सोमारीनं चहा घेतला नाई. उठून गेली. दारात थांबून एवढंच बोलली, "इंदू, तवा मी काईच बोलली नाई. आता मले कोनी इचारलं तर मी बोलन."

बोलू दे. म्हातारी झाली ती, तिच्या बोलन्याले कोन धरते.

आतलं चित्र छापाचं नाई एवढं ध्यानात ठेव. ती पोरगी तुले फोन करन. तूबी नाईच म्हन.

तुझी माय

सावली, १८ ऑगस्ट २०२४

रंजीता,

उद्या राखी. बजारात पोरी राख्या घेऊन राह्यल्या होत्या, मी कोथिंबीर न घेताच परत आली.

सत्तावीस वर्षं तू कोनाले राखी बांधली नाई. त्याचं कारन तू नाई, मी आहो. आता लिहिते. मधात थांबली तर परत लिहिनं होनार नाई, म्हनून अक्षर पाहू नको.

त्या हिरव्या रंगाखाली एक पोरगी आहे. आठ वर्षाची, दोन हातात पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपाच्या, जुड्या, चिखलातून चालून राह्यली आहे. ती तू होय. अन् वाकलेल्या बाईचा एक हात वर आहे, तुले बोलावाले. तो हात मी होय.

त्या दिवशी पऱ्हे कमी पडले. पऱ्हे आनाले मानूस नव्हता, भाड्याची बाई आलीच नव्हती. तू बोडीच्या काठच्या बांधावर, पारीवर, विक्कीले घेऊन बसली होती. मी हाक मारली, "रंजू, पऱ्हे आन व, जुड्या संपल्या." तू म्हनली, विक्की? मी म्हनलं, "बसू दे त्याले, मी हाओ ना पाहाले."

मी हाओ ना पाहाले. माझीच भाषा होय ही, शब्द न् शब्द आठवते, बाजूच्या पातीवरून सोमारीनंबी ऐकली.

अन् माझी तर पाठ होती त्याच्याकडं. रोवनीत पाठच राह्यते. मी मांगं मांगं सरकत त्याच्याकडंच येऊन राह्यली होती, अन् एकदाबी वळून पाह्यलं नाई. त्यानं हाक मारली असन तरी मले ऐकू आली नाई, आमचं गानं चालू होतं, नऊ बाया म्हनत होत्या. मी वळली तवा पारीवर कोनी नव्हतं.

त्याले काढलं तवा सारं गाव गोळा झालं. सारे मले इचारून राह्यले होते, पोरगं कोनाजोळ होतं? कोनाजोळ होतं? अन् माझ्या तोंडातून निघालं, रंजीजोळ. निघालं, बाई. तोंड आपलं असूनबी आपलं राह्यत नाई कधी. तू तिथीच उभी होती, चिखलानं भरलेली. तू म्हनली, "मायनं मले बोलावलं होतं." मी तुझ्या थोबाडात मारली. म्हनलं, खोटं बोलते.

तू परत कधी बोलली नाई ते. मले वाटे, लेकरू आहे, इसरली असन. मंग जसजशी मोठी झाली तसं तुझ्या डोळ्याकडं पाहून समजे, इसरली नाई. बाया तुले भावाले खाल्लेली पोरगी म्हनत. शाळेत पोरं म्हनत. मी ऐकून घेत होती, चूप राहत होती, अन् घरी आल्यावर तुझ्या डोक्याले तेल लावून देत होती. तुले तेल लावलेलं आवडत नसे. आता समजते काऊन.

दुसऱ्या साली तुझ्या बाबानं ते चित्र काढलं. मी पाह्यलं, त्याच्यात तू होती, जुड्या घेऊन. मी त्याईले म्हनलं, ही पोरगी मिटवा, नाईतर मी त्याच बोडीत जाते. त्याईनं एका सकाळी हिरवा रंग देऊन टाकला. एक शब्द बोलले नाई. मले तवापासून वाटत आलं की मानसाले सारं माहीत आहे अन् तो मले वाचवून राह्यला आहे. मी त्याईले भिऊन राह्यली, शेवटपर्यंत. ते दवाखान्यात होते तवाबी भेव वाटे, आता बोलतीन म्हनून.

निशाच्या कागदावर दुसरं मानूस आहे म्हनलं ना. ते मी कधीच पाह्यलं नव्हतं. मी तुले मिटवाले लावलं, त्याच्या आधीच त्याईनं त्या मानसाले मिटवलं होतं. पारीच्या कोपऱ्यावर मोहाच्या झाडाखाली बसलेला, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, मान खाली. बाबा होय तुझे. मले त्याईनं सांगतलं होतं की मी नाटकाच्या मांडवात होतो, आरडाओरड ऐकून धावत आलो. धावत नव्हते आले. तिथीच होते. आमचं रोवन्याचं चित्र काढून राह्यले होते. पन्नास पावलावर लेकरू होतं अन् हे कागदात पाहून राह्यले होते.

दोघं होतो आमी. दोन मोठे मानसं, अन् दोघाईनं मिळून ते आठ वर्षाच्या पोरीवर टाकलं.

निशाले मी काल फोन केला. म्हनलं, माझ्याकडून आतलं चित्रबी मंजूर. नवीन करार सोबत आहे, त्याच्यात दोन्ही चित्रं आहेत. माझ्या सह्या झाल्या. शेवटचं पान अजून कोरंच आहे. चित्रात कोन कोन आहे हे तू लिही. तुले जे लिहाचं ते लिही, मले दाखवाची गरज नाई.

माफी मागाले मले तोंड नाई, म्हनून मागत नाई.

तुझी माय

सावली, २७ सप्टेंबर २०२४

रंजीता,

तुझा लिफाफा आला. पोस्टमननं सही मागितली तर मले माझं नाव लिहिता येईना. त्यानंच हात धरून लिहून घेतलं.

आत पत्र नाई. उलटून पाह्यलं, लिफाफा फाडून सपाट करून पाह्यला. नाई. फक्त करार. जिथी जिथी फुली होती तिथी तिथी तुझी सही. कॅलेंडर तू खोडलं आहे, टिकल्या, झोळ्या, पोस्टकार्डं खोडली आहेत, अन् बाजूले सही केली आहे. मीबी करून टाकली. पुस्तक अन् भिंतीवरचं मोठं चित्र, एवढंच ठेवलं तू. बरं केलं.

मंग शेवटचं पान पाह्यलं. तुझं अक्षर. शाळेत पोराईले शिकवताना लिहिते तसं लिहिलं, शुद्ध.

'पाण्याच्या काठावर: विक्की. वय साडेतीन.

पऱ्हे नेणारी मुलगी: रंजीता. वय आठ.

झाडाखाली बसलेले: बाबा, दादाजी गुरनुले. वय छत्तीस.

वाकलेली बाई: माझी माय, इंदू. वय एकतीस. तिला हाक ऐकू आली नाही.'

वय एकतीस. मी तवा एकतीसची होती हे मलेच आठवत नव्हतं. माझ्या मनात ती बाई नेहमी म्हातारी असते, माझ्याएवढी. तू आता पस्तीसची. तवाच्या माझ्याहून मोठी होऊन तू त्या बाईकडं पाह्यलं, अन् तिचं वय लिहिलं. लय रडली मी. सोमारी धावत आली, म्हने काय झालं, कोन गेलं? मी म्हनलं, कोनी नाई व, पत्र आलं.

आठ दिवस तो कागद उशाशी ठेवला. निशाचे दोन फोन आले, पाठवा काकू, छपाई थांबली आहे. मी हो पाठवते, हो पाठवते करत राह्यली. शेवटची ओळ वाचाची अन् ठेवून द्याचा. एवढं चांगलं वाक्य माझ्याबद्दल जिंदगीत कोनी लिहिलं नव्हतं. तसंच पाठवून देता आलं असतं. तुले कधी समजलं नसतं. मी मेल्यावर मुंबईच्या भिंतीवर ते वाक्य राह्यलं असतं, अन् तू दिव्यानीले नेऊन दाखवलं असतं, ही तुझी आजी.

पन तेबी हिरवा रंगच होय, पोरी.

मांगच्या पत्रात मी लिहिलं की गानं चालू होतं. चालू नव्हतं. गानं थांबलं होतं. सोमारी धुऱ्यावर पानी प्याले गेली होती, बाया दम घेत होत्या. सामसूम होती, दीड-दोन वाजले असतीन. माझी पात सर्वात समोर होती. गावात मले सारे म्हनत, इंदूच्या हाताले कोनी पुरत नाई, अन् मले ते आवडे. तू पहिल्या खेपेले आनलेल्या जुड्यातल्या चार उरल्या होत्या, तू दुसऱ्या खेपेले गेली होती. सोमारी परत याच्या आत मले पात संपवाची होती.

अन् त्यानं हाक मारली. "माय, पाह्य." एकदाच. साफ.

मी म्हनलं, "थांब रे राजा, एवढी पात होऊ दे." मनात नाई, तोंडानं म्हनलं. वाकलेल्या वाकलेली. अन् चार जुड्या लावल्या. सरळ रांगेत लावल्या, एकबी वाकडी नाई. मंग कंबर सरळ केली अन् वळली.

त्याच्या मुठीत काईतरी होतं असन. खेकड्याचं पिल्लू असन, तवा त्याले खेकड्याचं वेड होतं. ते मले दाखवाले त्यानं हात वर केला होता. तुझ्या बाबानं तो हात काढला, म्हंजे त्याईनंबी पाह्यलं होतं, ऐकलंबी होतं. अन् मी 'थांब' म्हनलेलंबी ऐकलं असन. म्हनून मी कधी इचारलं नाई तो हात काऊन वर आहे. इचारलं असतं तर दोघाईले बोला लागलं असतं.

हे सोमारीलेबी माहीत नाई. आता तुले माहीत आहे.

ते वाक्य मी खोडलं. एकच रेघ मारली, खालचं वाचता येईन अशी. वरती लिहिलं, 'तिला हाक ऐकू आली होती.' बाजूले माझी सही केली. आता तिथी तुझी सही लागते, त्याच्याशिवाय कागद चालत नाई. पेन्सिलीनं फुली मारली आहे. सही केली तर करार सरळ निशाले पाठवून दे, तिचा पत्ता मांगं लिहिला आहे. नाई केली तर चित्र छापलं जानार नाई, अन् विक्की त्या एका पडद्यावरच राहीन. त्याचा मी तुले दोष देनार नाई. तुले दोष द्याचं मी आता बंद केलं आहे.

तिसरं प्रूफ आलं आहे. पानी बरोबर आलं, चहासारखं. मी 'मंजूर' लिहिलं.

वरची ओळ वाकडी आली आहे, समजून घे. लिहिता लिहिताच परसातून हाक आली. मी पेन टाकून उठली, धावतच गेली, चप्पलबी नाई घातली. तिथी कोनी नव्हतं. पन उठली मी.

तुझी माय,
इंदू